वतलो काय रे तो?

संघ हरत असला की क्रीडा विभागाचा फोन शांत असतो. प्रशिक्षकाला हाकला म्हणणारे तेव्हाही असतात, पण ते मोबाइलवर आपापसांत म्हणतात, त्यासाठी कुणी वर्तमानपत्राला फोन लावत नाही. फोन वाजू लागतो तो संघ जिंकू लागल्यावर. सलग चार-पाच सामने हाती लागले, एफसी गोवा गुणतक्त्यात वर सरकला, की पेडण्याहून, डिचोलीहून, कधी बांदा-सावंतवाडीहूनसुद्धा एकच चौकशी होते: "वतलो काय रे तो?" म्हणजे, जाणार का तो? तो म्हणजे प्रशिक्षक. नाव घ्यायची गरज नसते. "तुमी पत्रकार, तुमकां खबर आसतली," हे पुढचं वाक्यही ठरलेलं.

खबर क्वचितच असते. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या क्रीडा पानावर मी काम करतो. म्हणजे बातमी आणायची, लिहायची, मथळा द्यायचा आणि रात्री पान सोडायचं, सगळंच आलं. सामन्याच्या आदल्या दिवशी पत्रकार परिषद असते. प्रश्न सामन्यापुरते ठेवा, असं माध्यम अधिकारी सुरुवातीलाच बजावतो. आम्ही ठेवतोही, शेवटच्या प्रश्नापर्यंत. शेवटचा प्रश्न कराराचा असतो, आणि त्याला जगभरचे प्रशिक्षक एकच उत्तर देतात: सध्या माझं लक्ष पुढच्या सामन्यावर आहे. हे वाक्य मी इतक्या स्पॅनिश नावांपुढे टाइप केलंय, की हल्ली नाव तेवढं बदलतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोव्यातला फुटबॉल म्हणजे सासष्टी तालुका, आणि सासष्टी मराठी पेपर वाचत नाही, मग तुमच्याकडे फुटबॉलचं पान हवं कशाला? पहिलं बरंचसं खरं आहे, दुसरंही. पण 2014 साली एफसी गोवा निघाला आणि संघाची जर्सी झुवारी ओलांडून पेडणे-सत्तरीपर्यंत पोचली. धेंपो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग हे क्लब कुणाचे तरी होते, कंपनीचे, घराण्याचे, शहराचे. हा संघ राज्याच्या नावाचा निघाला. त्यामुळे ज्या घरांत क्रिकेटशिवाय दुसरं काही चालत नव्हतं, तिथली पोरंसुद्धा आज जर्सीवरचा गवा मिरवतात आणि प्रशिक्षक जाणार का, याची काळजी करतात.

ही काळजी तिच्या खऱ्या रूपात ऐकायची तर फातोर्ड्याच्या स्टेडियमवर लवकर जावं लागतं. सामना साडेसातचा असेल तर मी पाचलाच पोचतो. आत शिरण्याआधी रस-ऑम्लेटचा गाडा गाठायचा. तव्यावरचं ऑम्लेट ताटलीत येतं, त्यावर चिकन शाकुतीचा दाट रस, वर बारीक चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि बाजूला पाव. ताटली एका हातात धरून दुसऱ्या हाताने पाव रसात बुडवायचा, म्हणजे हातवारे करायला हात उरत नाही. तरीही 2024-25च्या हंगामात त्या गाड्याभोवती जे वाद झाले, त्यांत रस सांडल्याशिवाय एकही मुद्दा मांडला गेला नाही.

त्या हंगामात प्रकरणच विचित्र होतं. आमचा प्रशिक्षक मानोलो मार्केझ एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला होता. जुलै 2024मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला भारतीय संघाचा प्रशिक्षक नेमला, तोही एफसी गोवाचं काम सुरू ठेवून. ठरलं असं की हंगामभर त्याने दोन्ही पाहावं आणि पुढे पूर्णवेळ देशाचं काम करावं. म्हणजे एरवी चाहते ज्या गोष्टीची नुसती भीती बाळगतात, ती इथे हंगामाआधीच जाहीर झालेली होती. एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. उलट तिथूनच तो पेटला.

गाड्यावर भेटणाऱ्यांपैकी तिघांचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. एक वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणारा तरुण, आम्हा सगळ्यांना "पात्रांव" म्हणणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. कागदावर लिहिलंय, मानोलो जाणार. आता प्रश्न एवढाच की जायच्या आधी चषक देऊन जातो की नाही. दुसरी फोंड्याच्या एका हायस्कुलात पीटी शिकवणारी टीचर. ती म्हणायची, राष्ट्रीय संघाचे सामने वर्षात असतात किती? चार-सहा वेळा खेळाडू गोळा होणार, आठवडाभर सराव, की पांगापांग. रोज सकाळी मैदानावर उभं राहायची सवय असलेला माणूस त्या नोकरीत कंटाळेल. जाईल, पण परत येईल. यावर वेर्ण्याचा पोरगा हसायचा.

तिसरे अंकल बाणावलीचे, निवृत्त तारवटी. उभी हयात जहाजावर गेलेली. पोरांचा वाद ते पाव संपेपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "आयक रे. आमचा कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचा. संपला की उतरायचं. दुसऱ्या कंपनीने जास्त पगार दिला तर पुढच्या वेळी त्यांचं जहाज. कॅप्टन बदलला म्हणून कुणी रडतं काय?" मग पूर्वीचा प्रशिक्षक लोबेरा गेला तेव्हा तुम्ही का चिडला होता, असं मी एकदा त्यांना विचारलं. ताटली गाड्यावर आपटून अंकल म्हणाले, "तो गेला म्हणून नाही. इंजिन रूम घेऊन गेला म्हणून."

माझ्या मते गोव्यातल्या फुटबॉल चाहत्याचं सगळं शहाणपण त्या उत्तरात आहे. इथे घरटी कुणीतरी बाहेर आहे. जहाजावर, कुवेतला, पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला. ज्या गावात नवरे, भाऊ, मुलगे करारावर जातात आणि घरं त्या करारावर उभी राहतात, तिथे स्पेनहून आलेल्या माणसाकडे आजन्म निष्ठा मागायला कुणाची जीभ रेटत नाही. निष्ठेवरून गळे काढणारे अग्रलेख आम्ही पत्रकार लिहितो. चाहते हिशेब विचारतात: कधी गेला, कसा गेला, कुणाला घेऊन गेला, आणि मग कुठल्या बाजूने आमच्यासमोर उभा राहिला.

सर्जियो लोबेराचा हिशेब अजून मिटलेला नाही. 2017च्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा संघ रसातळाला होता. आधीचे प्रशिक्षक झिको 2015ला इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले होते. फातोर्ड्यावरच्या त्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांपर्यंत 2-1ने पुढे असलेला गोवा चेन्नईयनकडून 3-2 हरला, आणि पुढच्या वर्षी थेट तळाला गेला. झिकोही गेले. मग हा आला. गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चेंडू वर न्यायचा, धोका पत्करायचा, दोन खाल्ले तर तीन मारायचे. पहिल्याच हंगामात साखळी फेरीत 42 गोल, त्यांतले 18 एकट्या कोरोचे. 2019ला मुंबईत बेंगळुरूकडून अंतिम सामना जादा वेळेत हरलो, पण महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप जिंकला. क्लबचा तो पहिला चषक.

तेव्हाही "वतलो काय" सुरू झालंच होतं. पण जे झालं त्याचा अंदाज एकाही फोनवाल्याने केला नव्हता. जानेवारी 2020च्या अखेरीस, संघ गुणतक्त्यात अव्वल आणि साखळीचे तीन सामने शिल्लक असताना, क्लबनेच त्याला दूर केलं. यशस्वी प्रशिक्षक दुसरीकडे जाईल, या धास्तीत चाहते होते आणि त्याला दार दाखवलं घरच्यांनीच. कारणांबद्दल त्या दिवसांत खूप ऐकलं. ऐकीव छापलं नाही तेव्हा, आता तर नाहीच.

ऑक्टोबरमध्ये लोबेरा मुंबई सिटीत दिसला. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्याआधीच्या वर्षी ताब्यात घेतलेला हा क्लब, पैशाला तोटा नव्हता. त्याच्यामागून अहमद जाहू गेला, मोर्तादा फॉल गेला, ह्यूगो बूमूस गेला, आणि 2014पासून गोव्याच्या जर्सीत वाढलेला, कर्णधारपद भूषवलेला मंदार राव देसाईही गेला. अंकलांची इंजिन रूम ती हीच. पुढे लोबेरा चीनमार्गे ओडिशाला आला तेव्हा जाहू आणि फॉल तिथेही त्याच्याबरोबर होते. चांगल्या प्रशिक्षकाजवळ पद्धत असते म्हणतात. ती पद्धत राबवणारी चार माणसं त्याच्या खिशात असतात, हे कमी बोललं जातं.

तो 2020-21चा हंगाम कोविडचा. अख्खी लीग गोव्यात. फातोर्डा, बांबोळी, वास्को अशी तीन मैदानं आणि प्रेक्षक शून्य. आमच्या ऑफिसपासून बांबोळी हाकेच्या अंतरावर, आणि तिथला सामना आम्ही मात्र टीव्हीवर पाहून लिहायचो. उपांत्य फेरीत समोरासमोर आले गोवा आणि मुंबई. पहिला सामना 2-2, बांबोळीतला दुसरा 0-0. जादा वेळ संपता संपता दोन्ही संघांनी पेनल्टीसाठी गोलरक्षक बदलले. पाच-पाच फटक्यांनंतरही निकाल लागला नाही. शेवटी मुंबईने 6-5ने बाजी मारली आणि निर्णायक फटका मारला तो रॉलिन बोर्जिसने. हा पोरगा नुवेंचा, सासष्टीचा. गोव्याला गोव्यात, गोव्याच्या जुन्या प्रशिक्षकाच्या संघाकडून, गोवेकराने हरवलं. मथळा काय द्यायचा यावर डेस्कवर इतकी चर्चा झाली की छापखान्यातून फोन आला. पाचच दिवसांनी फातोर्ड्याच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर लोबेराने चषकही घेतला. मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगचा अखेरच्या मिनिटातला गोल.

दुसरा हिशेब हुआन फेरांडोचा. लोबेरानंतर आला तो हा. माणूस अबोल, पण काम असं की आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पदार्पणात, एप्रिल 2021मध्ये, लॉराँ ब्लाँ ज्यांना शिकवत होता त्या कतारच्या अल रय्यानला आम्ही फातोर्ड्यावर 0-0 रोखलं. ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात ड्युरँड कप जिंकला. आणि डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, तो गेला. मोहन बागानने अंतोनियो हाबासशी काडीमोड घेतला आणि दोन दिवसांत फेरांडोच्या करारातलं रिलीज क्लॉज भरून त्याला उचललं.

रिलीज क्लॉज या शब्दाशी गोव्यातल्या सामान्य वाचकाची ओळख त्या आठवड्यात झाली. करारात एक रक्कम लिहिलेली असते. ती कुणी भरली की क्लबला अडवता येत नाही, माणसाची इच्छा असली म्हणजे झालं. क्लबने जाहीर नाराजी व्यक्त केली, पण कायद्याने हात बांधलेले. मी बातमीसोबत चौकट केली, क्लॉज म्हणजे काय ते समजावून सांगणारी, आणि सकाळी डिचोलीहून एका गृहस्थांचा फोन आला. प्रश्न रास्त होता: "हे करारात घातलं कोणी? आमच्याच लोकांनी ना?" वकिलाने विचारावा असा प्रश्न. क्लॉज दोन्ही बाजूंना सोयीचं असतं म्हणून घालतात. चांगल्या प्रशिक्षकाला आणायचं तर बाहेर पडायची वाट ठेवावी लागते, आणि ती वाट वापरली गेली की आपण कपाळ बडवतो.

त्यातली गंमत अशी, की तो हंगामही गोव्यातच बंदिस्त होता. सगळे संघ इथल्याच हॉटेलांत. फेरांडोने राज्य सोडलंच नाही, हॉटेल बदललं. नऊ दिवसांनी, 29 डिसेंबरला, फातोर्ड्यावर त्याचा मोहन बागान आमच्याशी खेळला आणि 2-1ने जिंकला. त्यातला एक गोल लांबून असा मारलेला की गोलरक्षकाने नुसतं बघावं. मारणारा लिस्टन कुलासो. हाही आपलाच, एफसी गोवातूनच बाहेर पडलेला.

एक हिशेब मी क्रीडा पानावर कधी मांडला नाही, इथे मांडतो. आयएसएलचे पाच अंतिम सामने फातोर्ड्यावर झाले: 2015, 2020, 2021, 2022, 2023. गोव्याने त्यांतला एकही जिंकला नाही, खेळला तोही पहिलाच. पण शेवटचे तीन चषक कुणी घेतले पाहा. 2021ला लोबेरा, आमच्याकडून गेलेला. 2022ला हैदराबादसोबत मानोलो मार्केझ, आमच्याकडे अजून यायचा होता. 2023ला मोहन बागानसोबत फेरांडो, आमच्याकडून गेलेला. प्रशिक्षक आमचे, गवत आमचं, चषक दुसऱ्यांचा. त्या 2023च्या अंतिम सामन्याला मी हजर होतो. बेंगळुरूशी 2-2, मग पेनल्टी. गोवेकर तटस्थ म्हणून आले होते आणि फेरांडोचं नाव पडद्यावर झळकलं की थोडी हुर्यो, थोड्या टाळ्या, दोन्ही एकाच भागातून. रस-ऑम्लेटवाल्याचा धंदा मात्र जोरात. बंगाली मंडळींना शाकुतीचा रस भलताच आवडला.

तर या सगळ्या येण्या-जाण्यात मला खुपते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती गाड्यावरच्या वादात कधी येत नाही.

लोबेराला काढलं तेव्हा उरलेले तीन सामने कुणी सांभाळले? क्लिफर्ड मिरांडाने. धेंपोचा जुना मिडफिल्डर, इथल्या मैदानांवर घडलेला. त्याने तात्पुरती सूत्रं हाती घेतली आणि हैदराबादला 4-1, मुंबईला 5-2, जमशेदपूरला 5-0. तीन सामन्यांत 14 गोल. साखळीत अव्वल ठरल्याची लीगची पहिली शील्ड गोव्याला मिळाली, चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीची जागा मिळाली. कुठल्याही भारतीय क्लबला ती तोवर मिळाली नव्हती. पुढच्या मोसमासाठी प्रशिक्षक शोधायला क्लब स्पेनला गेला. फेरांडो मधूनच निघून गेला तेव्हा कोण उभं राहिलं? डेरिक परेरा. पुण्यातल्या जुन्या वाचकांना हे नाव माहीत असेल, पुणे एफसी त्यांनी बांधला. तेही हंगाम संपेपर्यंतच. घरचा माणूस आमच्याकडे कायम मधल्या वेळेसाठी असतो.

क्लिफर्डही मग गेलाच. 2023च्या एप्रिलमध्ये, पुन्हा हंगामी प्रशिक्षक म्हणून, त्याने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. त्यानंतर मोहन बागानमध्ये सहायक म्हणून रुजू झाला, तोही फेरांडोच्याच हाताखाली. त्याच्यासाठी एकही फोन वाजला नाही. "वतलो काय रे तो" असं कुणी विचारलं नाही. गोव्याचा मुलगा बाहेर कामाला गेला यात बातमी कसली? स्पॅनिश माणूस जाणार असेल तर आठ कॉलम, मडगावचा-म्हापशाचा गेला तर चार ओळी. पान लावणारा मीच, त्यामुळे हे मला ठाऊक आहे.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. आर्मांदो कुलासो तब्बल तेरा वर्षं धेंपोचे प्रशिक्षक होते. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, दोन नॅशनल लीगची, तीन आय-लीगची. तेव्हा कुणाला ते जातील अशी धाकधूक नव्हती. पण त्यात निष्ठेचा भाग किती आणि बाजारच नसल्याचा किती, हे प्रामाणिकपणे विचारायला हवं. देशातले चांगले क्लब कोलकात्यात आणि गोव्यात. कोलकात्याचं आमंत्रण आलं तेव्हा, 2013मध्ये, तेही ईस्ट बंगालला गेलेच. तीन वर्षांत धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. आर्मांदो गेल्यावर क्लब उरला होता. पुढे क्लबच राष्ट्रीय लीगमधून उठून गेले आणि त्यावर फातोर्ड्याच्या बाहेर आज कुणी रस सांडत नाही.

मानोलोकडे परत येतो. 2025च्या वसंतात सगळं एकदम घडलं. मार्चमध्ये भारतासाठी त्याला गोल करणारा मिळेना, तेव्हा निवृत्त झालेला सुनील छेत्री परत आला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. पेपरांनी मानोलोच्या धाडसाचं कौतुक केलं, मीही केलं. आमचा गोवा साखळीत 48 गुणांनी दुसरा आला होता. उपांत्य फेरीत गाठ बेंगळुरूशी, म्हणजे छेत्रीच्या क्लबशी. तिथे 2-0 हरलो. 6 एप्रिलला फातोर्ड्यावर दोन गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेची तयारी सुरू झाली होती. मीसुद्धा ऑफिसला फोन करून सांगितलं, पान धरा, अर्धा तास लागेल. आणि भरपाई वेळेत चेंडू आला, छेत्रीने डोकं लावलं, संपलं. ज्याला मानोलोने मार्चमध्ये परत आणला, त्यानेच एप्रिलमध्ये मानोलोला बाहेर काढलं. ईस्ट लोअर स्टँडमध्ये वेर्ण्याचा पोरगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. मला पाहून म्हणाला, "पात्रांव, हे बरोबर नाही हां." कोणाचं बरोबर नाही, हे मी विचारलं नाही.

सुपर कप ही मानोलोची गोव्यासोबतची शेवटची स्पर्धा, हे तोवर स्पष्ट झालं होतं. 3 मे रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 हरवून तो त्याने जिंकून दिला. वेर्ण्याच्या पोराचा हिशेब पूर्ण झाला. गेला, पण देऊन गेला. निरोपाची पानं आम्ही सजवली. तो गोव्यात आला तेव्हापासूनचे फोटो, सगळं.

मग जून. हाँगकाँगमध्ये भारत 1-0 हरला. त्याच्या काळात आठ सामन्यांत भारताने एकच जिंकला होता, तोही मालदीवविरुद्धचा. जुलैच्या सुरुवातीला महासंघ आणि मानोलो वेगळे झाले. आणि त्याच महिन्यात एफसी गोवाने जाहीर केलं, मानोलो परत येतोय. फोंड्याच्या टीचरचा फोन आला नाही. मीच तिला केला. "मी सांगितलं होतं," एवढंच म्हणून ती हसली, आणि मग म्हणाली, "पण लीग होणार का या वर्षी?" कारण तेव्हा महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवा होत नव्हता, आणि लीग स्थगित ठेवल्याचं पत्र सगळ्या क्लबांच्या हातात पडलं होतं. प्रशिक्षक आला, खेळायला लीग नव्हती. भारतीय फुटबॉलमध्ये कुणी कुठे जाणार यावर पैज लावणाऱ्याने आधी कुठे जायची जागा शिल्लक आहे का, ते पाहावं.

अंकलांना मानोलोच्या परतण्यात काहीच नवल वाटलं नाही. बाणावलीच्या रस्त्यावर भेटले तेव्हा म्हणाले, जहाजावर परत त्याच कंपनीत येणारे पुष्कळ असतात, कंपनी चांगली असली तर. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "या वेळी कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचा?"

त्याच जुलैत आणखी एक बातमी आली. चेन्नईयनने क्लिफर्ड मिरांडाला मुख्य प्रशिक्षक नेमलं. आता हंगामी नाही, सहायक नाही, आयएसएलमधल्या संघाचा पूर्ण प्रशिक्षक. मानोलोच्या बातम्यांनी पान भरलेलं होतं. मी तीन कॉलम मागितले. डेस्कवर वाद झाला, जाहिरात सरकवता येत नव्हती. शेवटी दोन मिळाले, फोटोसकट.